तिसऱ्या पलटणीचा रुमाल

तुमच्या खिशात घडी घालून ठेवलेला असतो त्या रुमालाचे आणि माझे काही नाते नाही, मित्रांनो. मी दप्तराचा रुमाल, म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधायचे जाड कापड. दोन हात लांब, दोन हात रुंद आणि रंगाने खारव्याचा, म्हणजे गडद लाल. आता वय झाले आहे. रंग विटला, एका कोपऱ्याला भोक पडले, कडांना उसवलेल्या टाक्यांच्या खुणा राहिल्या. माझी हकिगत आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग मध्येच उठून जाऊ नका.

ग्वाल्हेरच्याच हजीरा वस्तीतल्या एका विणकराने मला विणले. हात चांगला होता त्याचा. फक्त तो सारखा खोकायचा, आणि प्रत्येक उबळीबरोबर त्याचा धोटा क्षणभर थांबायचा. त्यामुळे माझ्या अंगात अजूनही कुठे कुठे सूत दाट लागते. माझ्यासारखे दीडशे भाऊ एकाच दिवशी रंगले, आणि आम्ही सगळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दरबारच्या फौजी दप्तरात कामाला लागलो. त्या काळी ग्वाल्हेर हे संस्थान होते. स्वतःचे महाराज, स्वतःची फौज, स्वतःचा कारभार. आम्ही पडलो दरबारी कापड. बाजारातल्या पंचा-चादरींशी आम्ही बोलतसुद्धा नसू.

दप्तराचे कारकून होते विश्वासराव. दख्खनेतून आलेल्या घराण्यातले, चार पिढ्या कारकुनीत गेलेल्या. डोक्यावर पगडी, कानावर बोरू, आणि स्वभाव असा की कोणी कपाटाला हात लावला तरी यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी मला पहिल्यांदा टेबलावर पसरले, माझा उजवा कोपरा सारखा केला आणि काळ्या शाईने मोडीत लिहिले, ‘तिसरी पलटण. मयत व बेपत्ता.’ मोडी म्हणजे मराठीची जुनी, धावत्या हाताची लिपी. तेव्हाही ती वाचणारे कमी होत चालले होते.

आमच्या दप्तराची एक पद्धत होती, ती नीट लक्षात घ्या. कागद सगळे सुटे असत. प्रत्येक कागदावर एकेका शिपायाचे नाव आणि त्याचे काय झाले ते लिहिलेले असे. पण तो कोणत्या पलटणीचा, कोणत्या गठ्ठ्यातला, हे कागदावर नसे. ते फक्त रुमालावर लिहीत. रुमाल उघडला की कागद सापडलाच म्हणून समजा. विश्वासराव तर डोळे मिटून हात घालत आणि हवा तो गठ्ठा काढत. त्याचा त्यांना फार अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर मलाही होता.

मग मोठी लढाई लागली आणि तिसरी पलटण ब्रह्मदेशात गेली. कागद येऊ लागले. पहिल्या वर्षी मी सैल होतो, दुसऱ्या वर्षी माझी गाठ बसेना. असाच एक कागद होता हवालदार सूर्याजीचा. जंगलात टेहळणीला गेला तो परत आला नाही. प्रेत मिळाले नाही.

त्याची बायको दुर्गा अंगठा द्यायला दप्तरात आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिले. वय पंचविशीचे. बरोबर सासू अनसूयाबाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, सुनेचा खांदा धरून चालणारी. विश्वासरावांनी उभे राहून कागद वाचून दाखवला. म्हातारीने हात पुढे केला. कागद तिच्या हातात दिला, तर तिने तो नाकाला लावून हुंगला आणि परत दिला.

“कागद आम्हाला द्या ना, रावसाहेब,” दुर्गा म्हणाली. “त्यांचं म्हणून घरात दुसरं काहीच नाही.”

“घरी नेऊन काय करशील, बाई? वाळवी लागेल, उंदीर खातील. इथं राहू दे. दरबारचं दप्तर आहे हे, काळ्या दगडावरची रेघ.”

असे म्हणून त्यांनी तो माझ्यात ठेवला आणि गाठ मारली. त्या दिवशी मला किती मोठे झाल्यासारखे वाटले होते, ते आता आठवले की लाज वाटते. उंदराचे म्हणाल तर तो दप्तरातही होताच. पुढच्याच पावसाळ्यात त्याने माझा डावा कोपरा कुरतडला, आणि माझ्याखालच्या कागदांनाही तसेच, कोयरीच्या आकाराचे भोक पाडले. विश्वासरावांनी त्याला दोन दिवस शिव्या घातल्या.

दुर्गा आणि तिची सासू पलटणीच्या लायनीत, म्हणजे शिपायांच्या चाळीत, एका खोलीत राहत. दरबारचा शिरस्ताच होता, लढाईत गेलेल्या शिपायाच्या बायकोने पलटणीची खोली सोडायची नाही. आंधळ्या माणसाला घर म्हणजे काय, ते डोळसाला समजायचे नाही. अनसूयाबाईला त्या खोलीत माठ कुठे, उंबरा कुठे, चुलीपासून बाजेपर्यंत पावले किती, सगळे पाठ होते. बाहेर ती आंधळी होती, खोलीत नव्हती.

१९४८ सालच्या उन्हाळ्यात संस्थान मध्यभारतात विलीन झाले. तुम्ही ते इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत वाचता. आम्हाला मात्र ते रोज थोडे थोडे कळत गेले. आधी दारावरची पाटी बदलली. मग शिपायांचे बिल्ले बदलले. मग विश्वासरावांच्या समोर एक नवे बाबू येऊन बसले, तरुण, हिंदी बोलणारे, स्वभावाने वाईट नव्हेत. त्यांच्याबरोबर पुठ्ठ्याच्या फायली आल्या, फितीवाल्या. आम्हा रुमालांकडे त्या अशा बघत, जसे नव्या सुनेने जुन्या मोरीकडे बघावे. हुकूम झाला की यापुढे सगळे कागद फायलीत लावायचे, आणि मोडीतले कागद तूर्त बाजूला ठेवायचे.

त्याच दिवसांत शहराबाहेर निर्वासितांची छावणी भरली होती. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे. पत्र्याच्या छपराखाली, जमिनीवर. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, पौषात इथे बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरतो. नया बाज़ारातल्या शांताताई, एका वकिलांच्या पत्नी, यांनी बायकांचे एक मंडळ जमवले आणि छावणीला साठ गोधड्या द्यायच्या असे जाहीर करून टाकले. जाहीर केल्यावर त्यांच्या लक्षात आले की मंडळातल्या बायकांना क्रोशे येते, कशिदा येतो, पण गोधडी एकीलाही येत नाही. मग कोणीतरी दुर्गाचे नाव सुचवले. दुर्गा रोज दुपारी जाऊन त्यांना टाके शिकवू लागली. “आमच्या यांच्या अंगावर तिथं कोणी काही घातलं नसेल,” एवढेच एकदा बोलली.

गोधडी शिवणे सोपे, मित्रांनो. कापड मिळवणे कठीण. नवे कापड तेव्हा कंट्रोलवर, सरकार मोजून देई तेवढेच. जुने मागायला बायका घरोघर फिरल्या, तर जुन्या कपड्यांवर भांडी देणारीने सगळी गल्ली आधीच धुऊन नेलेली. तिच्याकडे लुगड्याला पातेले मिळत होते, यांच्याकडे नुसता आशीर्वाद. जे मिळे ते असे विरलेले, की सुई घातली की फाटे. गिरणीतल्या चिंध्या यंत्रे पुसायला राखलेल्या. नया बाज़ारच्या शिंप्यांनी पोते भरून कातरण दिले, पण त्यातला एक तुकडा तळहातापेक्षा मोठा नाही. एका बड्या घरातून हत्तीची झूल आली. हत्ती आता राहिलेच नव्हते. झुलीची घडी उलगडली तर निम्मी कसर होऊन उडून गेली आणि उरलेल्या निम्मीवर शांताताईंना शिंका आल्या. साठातल्या चौदा गोधड्या झाल्या आणि कापड संपले. मार्गशीर्ष उजाडला होता, आणि छावणीत दोन म्हातारी माणसे थंडीने गेली होती.

हे सगळे मला पुढे, बायका टाके घालताना बोलत त्यावरून कळले. त्या वेळी मी कपाटात होतो. आणि एका सकाळी शांताताईंना घेऊन दुर्गाच दप्तरात आली.

“रावसाहेब, ते लाल रुमाल आता कामाचे नाहीत म्हणे,” तिने विचारले. “फायली आल्या ना?”

विश्वासरावांनी आमच्याकडे पाहिले. मग नव्या बाबूंकडे पाहिले. बाबू म्हणाले, “ले जाइए, ले जाइए. पुण्य का काम है.”

“पण विश्वासराव,” शांताताई म्हणाल्या, “कागदांची काही गडबड नाही ना व्हायची? तसं असेल तर राहू द्या. मी दुसरीकडे बघते.”

इथे विश्वासरावांची मान ताठ झाली. “ताई, चार पिढ्यांचं दप्तर आहे आमचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी गठ्ठे ओळीनं लावतो. कोणता कुठला, सगळं इथं आहे.” त्यांनी पगडीखाली बोट लावले. “सोमवारी सुतळीनं बांधतो, वर चिठ्ठ्या डकवतो. आपण बिलकुल फिकर करू नका.”

मला दुर्गानेच सोडले. तिने गाठ उकलली, माझ्यातले कागद दोन्ही हातांनी उचलले आणि भिंतीशी ठेवले. वरून सातवा कागद सूर्याजीचा होता. तिला वाचता येत नव्हते. तिने गठ्ठ्यावरची धूळ पदराने पुसली, आणि मला झटकून बाकीच्यांबरोबर गाठोड्यात घातले. मला ओरडावेसे वाटले. पण कापडाला तोंड कुठले?

सोमवारी विश्वासराव सुतळी घेऊन आले, तर दारावर कुलूप. ती खोली दुसऱ्या खात्याला दिली होती. रविवारीच मजुरांनी सगळे कागद टोपल्यांत भरून मागच्या कोठारात ओतले होते, जशी खडी ओततात. आणि विश्वासरावांच्या हातात एक लखोटा पडला. वय झाले, आता घरी बसावे. चिठ्ठ्या त्यांच्या खिशातच राहिल्या.

इकडे आम्हाला सोड्याच्या पाण्यात उकळले, वाळवले, आणि गोधड्या धडाधड उभ्या राहू लागल्या. दरबारी कापड ते, दोन हात रुंद, पीळ घट्ट. बायका खूश. “दुर्गाबाई, तुम्ही तर खजिनाच काढला!” म्हणून शांताताईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. माझ्यावरचे अक्षर उकळूनही गेले नाही, फिके झाले इतकेच. दुर्गाने माझा तो कोपरा आत दुमडला आणि त्यावरून धावदोरा घातला. कुरतडलेले भोकही तिनेच आत घेतले. साठाव्या गोधडीत मी सगळ्यात वरचा थर होतो. पौष लागायच्या आदल्या दिवशी त्या छावणीत वाटल्या गेल्या. मी ईश्वरी नावाच्या एका बाईकडे आलो. तिला छावणीतच मुलगी झाली होती, सवा महिन्याची. नाव अजून ठेवायचे होते.

आता तुम्हाला वाटेल, मी बऱ्या ठिकाणी पडलो. मलाही वाटले. त्या पोरीच्या अंगाची ऊब मला लागायची, आणि मेलेल्यांचे कागद वर्षानुवर्षे धरून ठेवल्यावर ते किती निराळे वाटत होते, हे तुम्हाला कसे सांगू! पण पत्र्याखालच्या जमिनीतून ओल वर येत होती. पोरीच्या छातीत कफ झाला. आठ दिवस ती घरघरली आणि नवव्या दिवशी गेली. ईश्वरीने मला पोरीबरोबर जाऊ दिले नाही. मला लहान घडी घालून ती मांडीवर घेऊन बसू लागली, आणि थोपटू लागली.

मित्रांनो, इकडे दुर्गाच्या घरी काय चालले होते ते मला पुढे कळले. पण तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून आत्ताच सांगतो. पलटणी मोडल्या, तशा लायनीही रिकाम्या करून घ्यायचे ठरले. नोटीस आली. लढाईत नवरा गेला असेल त्या बाईने तसा कागद दाखवावा, तिची खोली राहील. कागद नसेल तर महिनाअखेर खोली सोडावी.

दुर्गा मुळीच घाबरली नाही. कागद होता ना! ती थेट दप्तरात गेली.

“काग़ज़ तो लाइए, माताजी,” नवे बाबू म्हणाले.

“तुमच्याचकडे आहे. मी अंगठा दिला आहे.”

बाबूंनी तिला मागचे कोठार उघडून दाखवले. छातीएवढा ढीग. त्यावर पाऊल पडले की कागद घसरत होते. दुर्गा दारातच खाली बसली.

मग विश्वासरावांना बोलावले. बाबू भला माणूस, त्यांनी वरच्या साहेबांच्या हातापाया पडून शनिवारपर्यंत मुदत आणली. विश्वासराव पगडी काढून ढिगात बसले. तीन दिवस ते एकेक कागद चाळत होते आणि वाचत होते. चाळीस वर्षांचे हजारो शिपाई, सगळ्या पलटणींचे, जिवंत आणि मेलेले एकाच ढिगात. तिसऱ्या दिवशी त्यांचे डोळे पाझरू लागले. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली.

“दुर्गाबाई, त्या रुमालाला भोक होतं. कोयरीसारखं. आतल्या कागदांनाही तसंच आहे. भोकाचे कागद या ढिगात शंभर आहेत, मी ते वेगळे काढले आहेत. पण त्यांत सूर्याजी नावाचे कितीतरी आहेत, पलटण एकावरही नाही, आणि माझ्या नजरेला आता सगळी भोकं सारखीच दिसायला लागली. रुमाल आणा. तो कागदांवर धरला की आपले कोणते ते तासाभरात निघतील.”

“तो गोधडीत गेला, रावसाहेब.”

“मग गोधडी उसवा, बाई! शनिवार उद्या आहे.”

दुर्गा शांताताईंकडे धावली. साठावी गोधडी कोणाला गेली ते विचारले, आणि घरातले एकुलते एक घोंगडे घेऊन छावणीत आली. घोंगडे द्यायचे, गोधडी घ्यायची, असा तिचा विचार होता. सरळ व्यवहार होता. कोणीही तो केला असता.

ईश्वरी उन्हात बसली होती, मी मांडीवर. शेजारची एक बाई दुर्गाच्या कानाशी म्हणाली, “बच्ची परसों गुज़र गई. तब से इसको छोड़ती नहीं. धोने भी नहीं देती.”

दुर्गा उभीच राहिली. ईश्वरीने तिला ओळखले, गोधड्या वाटायला तीच आली होती. “आओ बहन, बैठो,” म्हणाली.

दुर्गा बसली. तिचा हात माझ्यावर आला. स्वतःचे टाके तिला ओळखू आले असणार. तिचे बोट कडेकडेने सरकत कोपऱ्यापर्यंत आले आणि दुमडीखालच्या भोकावर थांबले. आता मागेल, आता बोलेल, असे मला वाटत होते. माझ्यात जीव असता तर मी स्वतः उसवून तिच्या हातात पडलो असतो.

“नाम क्या था?” तिने विचारले.

“रखा ही नहीं था अभी.”

दुर्गाला सूर्याजीचे काही म्हणता काही मिळाले नव्हते, हाड नाही की कोटाचे बटण नाही. हातात काहीच नसणे म्हणजे काय ते तिला माहीत होते, आणि समोरच्या बाईच्या हातातले शेवटचे कापड मागायला तिची जीभ उचलली नाही. ती उठली. घोंगडे तिने तिथेच ठेवले. “रात को ठंड बढ़ती है,” म्हणाली, आणि गेली. मी तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. ईश्वरीने मात्र वर पाहिले नाही. ती थोपटत होती.

शनिवार गेला. महिनाअखेरीस दोघी सासूसुना खोलीबाहेर पडल्या. शांताताई तेव्हा माहेरी गेल्या होत्या, त्यांना वाटले गोधडी मिळाली आणि काम झाले. फाल्गुनात कोठारातला ढीग रद्दीवाल्याने उचलला. चैत्रात शांताताई परतल्या आणि लायनीत गेल्या, तर दुर्गाच्या खोलीत दुसरेच बिऱ्हाड. त्या तशाच तावातावाने छावणीत आल्या.

“तू उसको गोधडी क्यों नहीं दी? एक बाईचं घर गेलं, कळतंय का तुला?” त्यांची हिंदी अशी रागात मराठी होऊन जायची.

सगळे ऐकून घेतल्यावर ईश्वरी म्हणाली, “मुझसे तो किसीने माँगी ही नहीं.”

मग तिने आत जाऊन विळी आणली, आणि आपल्या हाताने गोधडी उसवली. एकेक दोरा तोडताना ती रडत होती. शांताताई “राहू दे, आता काही उपयोग नाही” म्हणत होत्या, पण तिने ऐकले नाही. मला वेगळे काढले, घडी घातली, आणि शांताताईंचा हात धरून चालू लागली.

दुर्गा हजीऱ्याला एका गोठ्याच्या पडवीत राहत होती आणि लोकांचे दळण-कांडण करत होती. ईश्वरीने मला तिच्या हातात दिले. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. दुर्गाने माझ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, “आता कशाला आणलं?” ईश्वरी खालमानेने शांताताईंबरोबर परत गेली. माझ्यापायी दोघींचे गेले. तिची गोधडी गेली, आणि हिला काही मिळाले नाही.

अनसूयाबाई बाजेवर होती. नव्या जागेत तिला एकही पाऊल पाठ झाले नव्हते, म्हणून तिने उठणेच सोडले होते. आणि सुनेशी बोलणेही सोडले होते. छावणीतून हात हलवत आल्याचे दुर्गाने तिला खरे खरे सांगितले होते. त्यावर ती एवढेच म्हणाली होती, “मागायला काय झालं होतं तुला? माझा मुलगा होता तो.” त्यानंतर अडीच महिने एक शब्द नाही. जेवणाचे ताट पुढे आले की जेवायची, नाही आले तर मागायची नाही.

त्या दुपारी बोलणे ऐकून तिने मान वळवली. “काय आणलंय?”

“रुमाल आहे, आत्याबाई. दप्तराचा.”

म्हातारीने हात पुढे केला. दुर्गाने मला दिले नाही. मग कोनाड्यात शेंगदाण्याच्या पुड्यांची जुनी वर्तमानपत्रे होती, ती तिने काढली, मांडीवर दाबून सारखी केली, माझ्यात ठेवली, आणि विश्वासराव मारीत तशी गाठ मारली. मग म्हणाली, “त्यांचा कागद सापडला, आत्याबाई. उशिरा सापडला. खोली नाही मिळायची आता. पण कागद आला.”

अनसूयाबाईने मला दोन्ही हातांनी घेतले. दाबून पाहिले. आतून कागद वाजला. तिने मला नाकाशी नेले आणि हुंगले. मी घाबरलो. कारण तिला सगळे वासावरून कळायचे. पण म्हातारीने मला उशाखाली सरकवले, आणि म्हणाली, “दुर्गे, जेवलीस का तू?”

दुर्गा पडवीबाहेर जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

अनसूयाबाई त्यानंतर चार वर्षे जगली. रोज संध्याकाळी मला काढायची, हात फिरवायची, आणि ठेवून द्यायची. गाठ तिने कधी सोडली नाही. तिला खरेच काही कळले नव्हते, की कळूनही ती गप्प राहिली, ते मला अजून सांगता येत नाही. ती गेल्यावर दुर्गाने मला पेटीत ठेवले. तिनेही गाठ सोडलेली नाही.

मित्रांनो, जुने कापड जरूर द्या, जरूर मागा. थंडी खरी असते आणि माणसे तिने मरतात, ते मी जवळून पाहिले आहे. पण कोणतीही गाठ सोडण्याआधी आत काय आहे ते बघा, आणि त्याचे नाव दुसरीकडे कुठे लिहिलेले आहे का, तेही बघा. कोणी म्हणेल, माझ्या डोक्यात आहे. त्याच्या हातात तिथल्या तिथे सुतळी द्या. आणि एखादी बाई तुमच्या दारात येऊन, बसून, काही न मागता उठून चालली, तर तिला जाऊ देऊ नका. हाक मारा आणि विचारा, ‘बाई, कशाला आला होतात?’ त्या दिवशी उन्हात कोणी एवढे विचारले असते, तर आज माझ्यात वर्तमानपत्र नसते.